‘लंडन कॉलिंग’वरील आरोप

संपादक महाशयांस,


‘द क्लॅश’ या पंक बँडने १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’ या ध्वनिमुद्रिकेत ऐनवेळी रेगेची उसनवारी करून पंकशी द्रोह केला, हे आपल्या समीक्षकांचे विधान वस्तुस्थितीस धरून नाही, कारण त्यांच्या १९७७ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ज्युनियर मर्विनचे रेगे गाणे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हजर होते. विकास झाला तो त्यानंतर रुजू झालेल्या टॉपर हेडनच्या तालवादनात, जे जॅझपासून रॉकाबिलीपर्यंत सहज वावरते, आणि बँडचा बासवादक पॉल सिमोनन याने स्वतः रचून गायिलेल्या ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’मध्ये. बाजारापुढील शरणागतीचा आरोपही खारीज व्हावा: १९ गाण्यांच्या २ तबकड्या एकीच्या किमतीत विकल्या गेल्या! त्यांतील दोनेक गाणी गाळता आली असती, एवढेच मान्य.

कळावे.
आपला,
एक वाचक, पुणे