तापणाऱ्या सीटचे कुलूप

मोटारीची तापणारी सीट हा समाजवादी साप्ताहिकाचा विषय आहे काय, असे काही साथी विचारतील. पन्हाळ्यावर आषाढातले धुके उतरते तेव्हा तीन दरवाजाकडे पायी जाणाऱ्या कष्टकऱ्याला घोंगडे पुरते. वाहनतळावरच्या महागड्या गाड्यांची आसने गरम होतात की नाही याची काळजी गाडीमालकांनी करावी, असे म्हणून ते हा प्रश्न झटकून टाकतील. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. भांडवलदार चैनीच्या वस्तूवर आज जो प्रयोग करतो, तोच उद्या गरजेच्या वस्तूवर करतो. म्हणून या सीटच्या गादीखाली डोकावून पाहणे हे आपले काम आहे.

ही सीट म्हणजे मूलतः एक विजेची शेगडीच. आवरणाखाली तापणाऱ्या तारेची चटई अंथरलेली असते. तिला फ्यूज, रिले आणि स्विच यांच्यामार्फत बॅटरीचा पुरवठा मिळतो आणि उष्णता मर्यादेत राहावी म्हणून तापमान जोखणारा छोटासा घटक तिथेच बसवलेला असतो. सीट तापेनाशी झाली की जाणता वायरमन क्रमाने शोध घेतो. आधी फ्यूज. मग स्विच दाबल्यावर सीटखालच्या कपलरपर्यंत वीज पोहोचते की नाही, याची मीटरने तपासणी. मग कपलर सोडवून तारेचा रोध. धड तार थोडक्या ओहमांचा रोध दाखवते. तुटलेल्या तारेतून मीटरला मार्गच मिळत नाही. सीटवर गुडघा टेकवून मागचे सामान ओढण्याच्या सवयीने ही तार तुटू शकते. तिला कसाबसा टाका मारला तर त्याच जागी उष्णता साचून गादी जळण्याची भीती, म्हणून शहाणा कारागीर चटईच बदलतो. सीटच्या बगलेत एअरबॅग असेल तर तो आधी बॅटरी सोडवतो, काही मिनिटे थांबतो आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर लावत नाही. यात गूढ असे काही नाही. शिकवले तर कोणताही होतकरू पोरगा हे शिकू शकतो.

परंतु फ्यूज शाबूत, स्विच शाबूत, तारही शाबूत, आणि तरीही सीट थंड, असे झाले तर? ही कल्पनेची भरारी नव्हे. २०२२ साली बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत नेमका हाच व्यापार मांडला. तापणारी तार गाडीत कारखान्यातच बसवलेली. मात्र ती तापवायची तर दरमहा भाडे भरा, नाहीतर संगणकाचे कुलूप उघडणार नाही! दक्षिण कोरियात हे भाडे महिन्याला सुमारे १८ डॉलर होते. गिऱ्हाईक खवळले आणि २०२३ साली कंपनीला तापणाऱ्या सीटपुरता तो बेत सोडावा लागला. अशा गाडीपुढे वायरमनचा मीटर मुका होतो. त्याला बिघाड सापडत नाही, कारण तिथे बिघाड नसतोच. तिथे बंदी असते. ज्याने पूर्ण किंमत मोजली तो मालक राहत नाही, आपल्याच वस्तूचा भाडेकरू होतो.

याचा आघात श्रीमंत गिऱ्हाइकाच्या खिशापेक्षा कारागिराच्या पोटावर अधिक होतो. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून वीसेक किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे. यंत्र उघडावे, समजून घ्यावे, मोडलेला भाग घडवून पुन्हा बसवावा, या विद्येवर त्या वस्तीतल्या पिढ्या जगल्या. ही विद्या कोणत्याही कंपनीने त्यांना दान दिलेली नव्हती. आज बदललेला सुटा भाग कंपनीच्या संगणकाने ओळखल्याखेरीज चालत नाही, अशी गाड्यांची रचना होऊ लागली आहे. पाना हाती आहे, बुद्धी आहे, अनुभव आहे. नाही ती फक्त परवानगी. कारागिराला अडाणी ठरवण्याची ही नवी रीत आहे.

आणि शेतकऱ्याचे काय? याच पन्हाळा तालुक्यात वारणानगरचा साखर कारखाना आहे. हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक प्रदूषणमानके लागू झाली आणि त्यांच्या इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढत चालले. स्वच्छ हवेचे आम्ही स्वागतच करतो. पण त्या नियंत्रणाची किल्ली कोणाकडे? अमेरिकेत जॉन डीअर कंपनीविरुद्ध तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला तो याच कारणासाठी: दुरुस्तीचे पूर्ण क्षमतेचे साधन कंपनीने केवळ आपल्या विक्रेत्यांच्या हाती ठेवले, हा आरोप. ऊस तोडून फडात पडलेला असताना ट्रॅक्टर बंद पडला आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला, तर वाळलेल्या उसाच्या वजनातली घट कोण भरून देणार?

कंपन्या सुरक्षिततेची ढाल पुढे करतात. एअरबॅग धोकादायक, विजेची तार धोकादायक, म्हणून बाहेरच्याने हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय ज्ञान देणे हा आहे, ज्ञान कोंडणे हा नव्हे. ज्याला तारांचा नकाशा मिळाला तो पिवळा कपलर टाळील; ज्याला नाकारला तो अंदाजाने हात घालील. अपघात कोणत्या रस्त्याने येतो ते यावरून उघड आहे.

आपल्या देशातही या मक्तेदारीवर बोट ठेवले गेले आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारापासून अडवून ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी अपिलांचा आणि न्यायालयांचा मार्ग धरला. गॅरेजवाल्याच्या हाती नकाशा काही आला नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेती-अवजारे आणि मोटारी तिच्या कक्षेत घेतल्या, संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वखुशीने माहिती टाकावी, ही विनंती झाली. हक्क विनंतीवर चालत नाही. त्याला कायद्याचे बळ लागते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटार-दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने मान्यता दिली, तेव्हा तिथले मोटार कारखाने काही बुडाले नाहीत.

आपली मागणी स्पष्ट असावी. तारांचे नकाशे, तपासणीची साधने आणि सुटे भाग वाजवी दरात सर्व कारागिरांना मिळालेच पाहिजेत. विकलेल्या वस्तूत बसवलेली सोय भाड्यासाठी कुलूपबंद करण्यास मनाई हवी. आयटीआयमधून या नव्या यंत्रणेचे शिक्षण मिळाले पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी घेऊन उद्यमनगरच्या गॅरेजांत आणि ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांकडे जावे. कारागीर आणि शेतकरी यांना एका व्यासपीठावर आणणारे प्रश्न फार थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे. तो चैनीचा म्हणून सोडून देणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही.