खट् कुठली?

मागच्या अंकात आम्ही वडिलांची १९७२ची बुलेट कोल्हापूरहून हर्नडनला कशी आली ती हकिगत लिहिली होती. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे आयातीचे सुरक्षा-नियम आड येत नाहीत, व्हर्जिनियात तिला 'अँटिक'ची नंबरप्लेट मिळते, वगैरे. त्यावर बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, "मग चालवता की नाही?" तीन महिने आम्ही या प्रश्नाला बगल देत आहोत.

कारण एक आवाज. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली 'खट्'. एल्डन स्ट्रीटच्या जवळ जुनं रेल्वे स्टेशन आहे. १९६८ साली आगगाड्या बंद झाल्या, आता रुळांच्या जागी सायकलींचा रस्ता आहे. तिथे थांबलो की खट्, ब्रेक सोडला की पुन्हा खट्. कोल्हापूरला दादाला सांगितलं तर म्हणाला, "तो आवाज बाबांच्या वेळेपासनं आहे लेका. गल्लीच्या तोंडाशी खट् झाली की आई चहा ठेवायची." हे ऐकून आम्ही जरा हळवे झालो. सौ. मात्र झाल्या नाहीत. खट् जाईपर्यंत मुलीनं मागच्या सीटवर बसायचं नाही, असा हुकूम निघाला.

आम्ही पडलो मेकॅनिकलचे, वर इथली मास्टर्स! हँडलचे बॉल रेसर गेले असणार, असं निदान खुर्चीत बसूनच केलं. दोन शनिवार खर्ची घालून रेसर बदलले. (बाबांच्या पत्र्याच्या डब्यातले व्हिटवर्थचे पाने होते म्हणून जमलं. इथले इंची पाने त्या नटांवर नुसते फिरतात. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्यांचा ६०. एका इंचावर दोन देशांचं एकमत नाही.) खट् जशीच्या तशी.

शेवटी दादानं उद्यमनगरातल्या एका टर्नरकाकांना फोनवर आणलं. ते म्हणाले, "साहेब, चाक अधांतरी उचला. शॉकपच्या खालच्या टोकाला धरून पुढं-मागं हलवा. दुसऱ्या कुणाला तरी सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला कळतंय." मुलीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, इथे हलतंय!"

बुश झिजले होते. बुलेटच्या पुढच्या चिमट्याच्या प्रत्येक पायात एक नळी वर घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावर खालचा पाय सरकतो. त्यांच्यामध्ये दोन बुश, एक नळीच्या खालच्या टोकाला, दुसरा सरकत्या पायाच्या वरच्या तोंडाशी. चाक लटकतं तेव्हा हे दोन बुश एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, म्हणून ढिलाई तेव्हाच जास्त जाणवते. रेसर ढिले असते तर मुलीच्या बोटाखाली काहीच हललं नसतं. पाय उघडले तर काळ्या तेलात सोनेरी चूर चमकत होता. पन्नासएक वर्षांचा गनमेटल!

मग आम्ही मायक्रोमीटर काढला. नळी जिथे घासली होती तिथे मोजली आणि त्या मापाचा, जरा लहान भोकाचा बुश काकांकडून कातून घ्यायचा ठरवलं. आकडे व्यवस्थित कागदावर लिहून फोटो पाठवला. अर्ध्या तासात फोन.

"साहेब, नळी वर मोजलीसा काय?"

वर म्हणजे जिथे बुश एरवी पोचत नाही तिथे. मोजली. ४ थाऊ जाड निघाली, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग.

"मग जोरात ब्रेक मारला, खड्ड्यात गेली, बुश वर चढला आणि अडकला तर?"

आम्ही गप्प. घासलेल्या नळीच्या मापाचा बुश न घासलेल्या भागावर पाचरीसारखा बसेल, चिमटा दबलेलाच राहील, आणि हे नेमकं ब्रेक दाबलेला असताना! मागे मुलगी. कागदावरचं आमचं गणित बरोबर होतं, फक्त नळी सगळीकडे सारखी आहे हे आम्ही परस्पर गृहीत धरलं होतं. त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे सौ.ना या अंकातूनच कळेल.

इलाज दोन. नळीवर हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करायची, किंवा नळीच नवी घ्यायची. इथल्या कारखान्यानं क्रोमचा जो आकडा सांगितला त्यात कोल्हापूरचं तिकीट आलं असतं. दादानं पुण्याला नाना पेठेतून नळ्यांची नवी जोडी आणली, काकांनी त्यांच्याच मापानं बुश कातले. त्यांची परीक्षा अशी: नळी तेल लावून उभी धरायची, बुश आपल्या वजनानं सावकाश उतरला पाहिजे. टपकन पडला तर ढिला, थांबला तर घट्ट.

नळ्या आमच्या मावशींच्या बॅगेतून आल्या, नऊवारीत गुंडाळून, कांदा-लसूण मसाल्याच्या शेजारी. डलेसला कस्टम्सवाल्यानं बॅग उघडून विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, "मोटरसायकल." त्यानं बॅगेकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि जाऊ दिलं. तेलाला अजून मसाल्याचा वास येतो असं मुलीचं म्हणणं आहे.

परवा रविवारी तिला मागे बसवून स्टेशनापर्यंत जाऊन आलो. ब्रेक दाबला, चिमटा बसला, उठला. आवाज नाही. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आईला सांगू नको एवढ्यात." जुने चारही बुश बाबांच्या पान्यांच्या डब्यात ठेवले आहेत.

आता क्लच घसरतोय. डिसेंबरात कोणी कोल्हापूरला जाणार असेल आणि बॅगेत दीड-दोन किलोची जागा असेल तर कृपया कळवावे. मसाला आम्ही आणायला सांगणार नाही.