काळा पडदा आणि अन्वय-व्यतिरेक

पावसाळा लागला कीं आमच्या पासलीकडे ज्या तक्रारी कानीं येतात, त्यांत "लॅपटॉप सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो" ही आतां नित्याची झाली आहे. तोरण्याच्या परिसरांतील या खोऱ्यांत आषाढांत चार-चार दिवस ऊन दिसत नाहीं, पोथ्यांना बुरा येतो, वीज घटकेघटकेला जाते-येते. अशा हवेंत नाजूक यंत्रानें रुसावें, यांत नवल तें काय? पण घरोघर होतें असें कीं, पडदा काळा दिसतांच वडील मंडळी "गेलें यंत्र!" असा निकाल देऊन मोकळी होतात आणि यंत्र तसेंच पुण्यास धाडलें जातें. तेथून तें पुष्कळदां "नवें करून" परत येतें, म्हणजे आंतील सर्व पुसून येतें. सुनेचें कचेरीचें काम, नातवाचे प्रवेशाचे कागद, आजोबांच्या मोडी दप्तराचीं छायाचित्रें हीं मग कोठून आणावयाचीं? पडदा विकत मिळतो; हें मिळत नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रांत कारण शोधण्याची एक जुनी रीत आहे. जें असतां कार्य होतें तो अन्वय, जें नसतां होत नाहीं तो व्यतिरेक. धुरावरून अग्नि ओळखणाऱ्याला लॅपटॉपची भीति वाटण्याचें कारण नाहीं.

पहिला प्रश्न, यंत्र निजलें आहे कीं जागें आहे? विजेचा दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, हें पाहावें. आणि सर्वांत सोपें म्हणजे कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा दर वेळीं लागत-विझत असेल, तर यंत्र जागें आहे, केवळ दिसत नाहीं, असें बहुधा समजावें. मग प्रकाश वाढविण्याची कळ दाबून पाहावी. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. त्यानें चित्र काढणारा भाग पुन्हां सुरू होतो. लहान चुंबकहि घोटाळा करितो. झांकण मिटलें हें यंत्राला पुष्कळदां चुंबकावरूनच कळतें. तेव्हां मोबाईलचें चुंबकी पाकीट कळफलकाशेजारीं ठेविलें, तर तें झांकण मिटलेंसें मानून डोळे मिटतें!

आतां माझी आवडती परीक्षा. खोलींत अंधार करून पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. पुसट अक्षरें दिसलीं, तर चित्र आहे, पाठीमागचा उजेड नाहीं. लिक्विड क्रिस्टलचा पडदा स्वयंप्रकाशी नसतो. पूर्वीं त्याच्यामागें बारीक ट्यूब असे, हल्लीं एलईडी असतात. (ओएलईडीचा प्रत्येक बिंदु स्वतः उजळतो, तेथें ही परीक्षा लावूं नये.)

याहूनहि निर्णायक उपाय दिवाणखान्यांत आहे. एचडीएमआयच्या तारेनें यंत्र दूरदर्शन संचाला जोडावें आणि विंडोज व पी या कळा दाबून चित्र तिकडे वळवावें. तेथें चित्र उमटलें, तर स्मरण, डिस्क, मुख्य फळी हीं बहुधा शाबूत. दोष बहुधा पडद्यांत, नाहींतर बिजागरीतून जाणाऱ्या तारेंत. झांकण हळूहळू हलवितांना पडदा लुकलुकला, तर तारेचाच संशय धरावा. मात्र संचावर चित्र आलें, तर दुसरें कांहींहि करण्यापूर्वीं महत्त्वाचें सर्व पेनड्राइव्हवर उतरून घ्यावें.

कोठेंच चित्र नसेल, तर चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीहि काढावी, आणि चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आंत उरलेली वीज ओसरते. नंतर केवळ चार्जरवर सुरू करून पाहावें. शिट्ट्या वाजल्या किंवा दिवा ठराविक वेळां लुकलुकला, तर संख्या लिहून ठेवावी. यंत्राच्या पुस्तिकेंत तिचा अर्थ असतो. स्मरणाची पट्टी काढून पुन्हां बसविल्यानेंहि पुष्कळ यंत्रें जागीं होतात, पण तें काम जाणत्यानेंच करावें.

यंत्र भिजलें असेल तर यांतील कांहींहि करूं नये, तें चालूच करूं नये. तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय आमच्या गृहिणींना फार प्रिय. त्यानें आंतील पाणी निघत नाहीं, पीठ मात्र आंत जातें. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जर लावूं नये, तिला टोचूं नये.

इतकें करूनहि पुण्यास जाणें पडलेंच, तर यंत्राला चिठ्ठी चिकटवावी: "कॅप्स लॉकचा दिवा लागतो. टीव्हीवर चित्र येतें, पडद्यावर येत नाहीं. डिस्क पुसूं नये." आणि दुरुस्त करणारा यंत्र न उघडतांच "मदरबोर्ड गेला" म्हणाला, तर ही चिठ्ठी त्याला मोठ्यानें वाचावयास सांगावी.