हातगुण : स्पर्शोपचारांची एक ओळख

मराठी भाषेत ‘हातगुण’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. तेच तेल, तोच लेप, तीच मात्रा. परंतु एकाच्या हातून ती लागू पडते आणि दुसऱ्याच्या हातून पडत नाही, असा अनुभव आला की घरातील वडीलधारी मंडळी ‘त्याच्या हाताला गुण आहे’ एवढे बोलून मोकळी होतात. या बोलण्यात श्रद्धेचा भाग असेल. पण निरीक्षणाचाही भाग आहे. दुखऱ्या अंगावरून फिरणाऱ्या हाताने माणसाला आराम वाटतो, ही गोष्ट औषधांच्या शोधापूर्वीपासून मनुष्यजातीला ठाऊक आहे.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे या विषयाची विचारणा वारंवार होऊ लागली आहे. एका भगिनीने सुनेच्या बाळंतपणात मालिशवाली बाई ठेवावी की नाही, असे विचारले आहे. एका गृहस्थांना गुडघ्यासाठी अ‍ॅक्युप्रेशर आणि रेकी यांची जाहिरात आली आहे आणि हे नक्की काय प्रकरण आहे ते त्यांना समजून घ्यायचे आहे. या सर्वांना एकत्रित उत्तर द्यावे, या हेतूने प्रस्तुतचा लेख लिहीत आहोत.

प्रथम अभ्यंगाचा विचार करू. दिवाळीतील नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल व उटणे लावून होणारे स्नान आपण परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहूनही सोडलेले नाही. आयुर्वेदाला मात्र वर्षातून एकदाचा अभ्यंग अभिप्रेत नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात तो नित्य करावयास सांगितला असून मस्तक, कान व तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. त्याच ठिकाणी कोणी अभ्यंग करू नये, हेही त्याने सांगितले आहे. कफाने ग्रासलेला, नुकतीच वमन-विरेचनादी शुद्धी झालेला आणि अजीर्ण झालेला, अशा तिघांना त्याने वर्ज्य केले आहे. उपचारासोबत त्याची मर्यादा सांगणे ही आपल्या शास्त्रकारांची पद्धत होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चोळण्याने बरे का वाटते, याची मीमांसा आधुनिक शास्त्रानेही केली आहे. मार लागताच आपला हात नकळत त्या जागी जातो आणि आपण ती चोळू लागतो. १९६५ साली मेलझॅक व वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो. स्पर्शाच्या संवेदना तेथे पोहोचल्या म्हणजे वेदनेच्या संवेदनांची वाट काही अंशी अडते. शिवाय आखडलेले स्नायू सैल होतात आणि मनही निवते. परंतु या लाभाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कंबरदुखीवरील मर्दनाच्या प्रयोगांचा जो साकल्याने आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात तात्पुरता आराम पडल्याचे आढळले. दीर्घकाळ टिकणाऱ्या गुणाविषयी खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

या विद्येचा एक मौजेचा प्रवास सांगण्याजोगा आहे. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले शेख दीन मोहंमद इंग्लंडात गेले आणि ब्रायटन येथे त्यांनी वाफेचे स्नान व चंपी यांचे स्नानगृह चालविले. १८२२ साली त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. आज आपण केस धुण्याच्या द्रवाला जो ‘शाम्पू’ म्हणतो, तो शब्द आपल्याकडील चांपणे-चंपी याच कुळातला आहे. आपली चंपी साता समुद्रांपार जाऊन बाटलीत बसून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता बाळ व बाळंतीण यांचा प्रश्न. बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची आपली रीत मुळात चांगली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या शिफारशींत, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलक्या हाताने सर्वांगास मर्दन करण्यास हरकत नसल्याचे म्हटले आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांत खोबरेल तेलाच्या मालिशने वजन अधिक वाढल्याचे २००५ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. मात्र ‘हलक्या हाताने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाळाला रगडणे, पायांना धरून उलटे लोंबकळविणे, नाक सरळ व्हावे म्हणून ते चिमटीत दाबणे, या गोष्टी बंद झाल्या पाहिजेत. नाका-कानात तेलाचे थेंब सोडू नयेत. नाकातले तेल फुप्फुसात उतरून एक चिवट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात बाळाची छाती आईच्या शरीरातील संप्रेरकांमुळे काही दिवस सुजलेली दिसते. ती पिळून ‘दूध’ काढण्याची चाल तर अत्यंत घातक आहे. त्याने तेथे पू होतो. ती सूज काही न करता आपोआप उतरते.

बाळंतिणीला कोमट तेल, शेक आणि एका ममताळू बाईचे दोन हात लाभले, तर तिला ते हवेच असते. मात्र शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास जखम भरेपर्यंत पोटाला हात लावू देऊ नये.

याच ओघात काशाच्या वाटीचा उल्लेख करावयास हवा. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासले, की डोळे निवतात आणि झोप लागते, असा घरोघरचा अनुभव आहे. तो आम्हांस खोटा वाटत नाही. परंतु पाय काळे झाले म्हणजे अंगातली उष्णता किंवा विष बाहेर पडले, हा समज बरोबर नाही. कासे म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील यांचा मिश्रधातू. तुपातील आम्ले आणि घाम यांचा तांब्याशी संयोग होऊन तो रंग उमटतो. वाटीने सुख द्यावे. निदान करण्याचे काम तिच्याकडे देऊ नये.

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. तो म्हणजे हाडवैद्य.

आपल्या बडोद्याला या विद्येचा मोठा वारसा आहे. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांचे नाव व्यायामाइतकेच हाडवैद्यकासाठीही सर्वतोमुखी होते. पुढे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे तरुणपणी त्यांच्याच आखाड्यात शिकले. आखाडा आणि हाडवैद्यक यांचे नाते स्वाभाविकच होते. जेथे रोज सांधे निखळत, तेथेच ते बसविण्याची कला वाढीस लागली. हैदराबादेत हाडे बसविणाऱ्यास अजूनही ‘पहिलवान’ म्हणतात, ते याचसाठी. आंध्रातील पुत्तूर हे गाव तर केवळ या पट्ट्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे.

या परंपरेची मुळे सुश्रुतापर्यंत जातात. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार वर्णिले आहेत. हाड ओढून, दाबून, जागेवर आणून मग बांधावे, असा क्रम दिला आहे. त्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या सांगितल्या आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, असा नियम आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर राहत नाही आणि अति घट्ट झाली तर सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही तेथेच दिला आहे.

या इशाऱ्याची किंमत आमच्या परिचयातील एका कुटुंबाला फार जबर मोजावी लागली. उत्तरायणाच्या दिवशी पतंग उडविताना त्यांचा आठ वर्षांचा मुलगा गच्चीच्या पायऱ्यांवरून पडला व कोपराच्या वर हाड मोडले. घरची मंडळी त्याला जवळच्या एका हाडवैद्याकडे घेऊन गेली. त्याने चित्र न काढविता हात ओढला आणि कामट्या लावून करकचून बांधला. रात्री मुलाची बोटे सुजली, गार पडली आणि तो आकांत करू लागला. ‘हाड बसते आहे, दुखायचेच’ असे म्हणून मोठ्यांनी त्याची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी मुलाचे रडणे थांबले, तेव्हा सर्वांना हायसे वाटले. वस्तुतः ते थांबले होते, कारण बोटांतली संवेदनाच गेली होती. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात पट्टी कापली, तोवर दंडाखालचे स्नायू मेलेले होते. आज त्या मुलाचा हात आहे, पण बोटे पंज्यासारखी आत वळलेली आहेत. त्याला उजव्या हाताने लेखणी धरता येत नाही.

या विकृतीचे वर्णन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली करून ठेवले आहे. सुजेला वाव न देणाऱ्या पट्टीखाली रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. प्लास्टर घट्ट बसले तर रुग्णालयातही हे होऊ शकते. म्हणून दोष केवळ जुन्या विद्येचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उलट, सुश्रुताचाच नियम पाळला असता तर त्या मुलाचा हात वाचला असता. परंपरेचे नाव घेणे सोपे असते. परंपरेने घालून दिलेली बंधने पाळणे कठीण असते.

तात्पर्य, पडल्यावर हाड मोडल्याची नुसती शंका आली तरी प्रथम क्ष-किरण चित्र काढावे आणि अस्थितज्ज्ञाला दाखवावे. पट्टी किंवा प्लास्टर कोणीही बांधलेले असो, त्यापुढची बोटे सुजली, निळी वा पांढरी पडली, गार लागली, बधिर झाली, अथवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हाड सांधल्यानंतर आखडलेला सांधा मोकळा करण्यासाठी मात्र जाणत्या हाताचा फार उपयोग होतो. ते काम आज शिकलेले भौतिकोपचारतज्ज्ञ करतात.

हाच विवेक इतरत्रही हवा. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेला लावून घेण्याची चाल गमतीची खरी. पण वृद्धांचे मणके ठिसूळ झालेले असतात, तेथे ती गंमत नव्हे. केशकर्तनालयात मानेला झटका देऊन ‘कटकट’ वाजवून घेण्याची हौस पुष्कळांना असते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात; झटक्याने त्यांचे अस्तर फाटले तर पक्षाघात होऊ शकतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पोटात कळ येऊ लागली की ‘बेंबी सरकली’ किंवा गुजराती शेजारणीच्या भाषेत ‘पेचोटी खसली’ म्हणून पोट चोळून घेतात. ते आंत्रपुच्छाचे दुखणे असेल तर चोळण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

राहिला प्रश्न रेकी व अ‍ॅक्युप्रेशर यांचा. रेकी ही जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत होय. तीत हात अंगावर हलकेच ठेवतात किंवा नुसते जवळ धरतात आणि त्यातून विश्वशक्ती वाहते, असे मानतात. अशी शक्ती कोणत्याही मोजमापात आढळलेली नाही. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये ठराविक बिंदूंवर दाब देतात. त्याने काहींना मळमळ वा वेदना कमी झाल्यासारखी वाटते. शांत खोलीत कोणी आपुलकीने तासभर आपल्याकडे लक्ष दिले, तर मनाला स्वस्थता मिळेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो उपचारक मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या वा कर्करोगाच्या गोळ्या बंद करावयास सांगेल, त्याच्या दारी पुन्हा पाऊल ठेवू नये. गुडघेदुखीच्या गृहस्थांना आमचे उत्तर असे, की मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनावर ताबा यांची जागा कोणताही दाब घेऊ शकत नाही.

‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ ही म्हण आपण घर झाडण्या-आवरण्यापुरती वापरतो. ती घरातील वृद्धांनाही लागू करावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. आजोबांचे पाय चेपावयास पूर्वी नातवंडे बसत. तेवढ्या अवधीत गोष्टीही होत. आज आजोबांजवळ औषधांचा डबा असतो, पण दिवसचे दिवस त्यांच्या अंगाला कोणाचा हात लागत नाही. रात्री जेवणे झाल्यावर पाव तास कोमट तेलाने त्यांचे तळपाय चोळावेत. त्यासाठी कोणाची पदवी लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

पट्टीखालच्या बोटांविषयीचा वरील मजकूर मात्र कापून औषधांच्या कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावा, एवढी विनंती. मुले पडायची थांबणार नाहीत आणि उत्तरायणही दरवर्षी येणारच आहे.