एका तारेवरील ‘मिसिर्लू’

आमच्या घरांत सकाळच्या गाण्यांवर सत्ता आत्याबाईंची. गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें त्या सत्तेचा भंग करून फोनवर एक विलायती गत लावली. कडाडणारी विजेची गिटार, मागें नगाऱ्यासारखा ठेका, आणि गाण्याचा शब्द एकहि नाहीं. आम्ही कपाळास आठी घालणार, तोंच फुलें निवडीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, हे तर भैरवाचे सूर! यांना इतकें धांवडवलें कुणी?”

आत्याबाईंचा कान सहसा चुकत नाहीं. कोमल रिषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद अशी भैरव थाटाचीच स्वरपंक्ति या चालींत आहे. अर्थात् नुसत्या स्वरांनीं राग होत नसतो. भैरवाचा तो आंदोलित रिषभ येथें कोणी शोधूं नये. परंतु अरबी व तुर्की संगीतांतहि ही पंक्ति जुनीच आहे, आणि चाल आली आहे ती तिकडूनच.

‘मिसिर्लू’ म्हणजे मिसर देशची स्त्री. पूर्व भूमध्यसमुद्राच्या कांठीं ग्रीक, तुर्क, अरब, यहुदी अशा सर्वांच्या तोंडीं हें गाणें होतें. त्याचा मूळ कर्ता अज्ञातच राहिला. १९२७ सालीं थिओडोटोस डिमीट्रिआडिस या ग्रीक गायकानें तें अमेरिकेंत ध्वनिमुद्रित केलें. पुढें १९४१ मध्यें निक रुबानिस नांवाच्या ग्रीक संगीतशिक्षकानें त्याची वाद्यरचना प्रसिद्ध केली व कर्ता म्हणून स्वतःचें नांव घातलें. हरकत घेण्यास कोण येणार? तेंच नांव आजतागायत छापलें जातें.

आतां पुतण्याच्या गिटारवाल्याकडे वळूं. डिक डेल हें त्याचें धारण केलेलें नांव. खरें नांव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बोस्टन शहरीं. वडील लेबनानी वंशाचे, आणि काका ऊद वाजविणारे. १९५४ मध्यें हें कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियांत गेलें. तेथें समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा नाद तरुणांस लागला होता. डेल त्यांतलाच एक. १९६१ च्या सुमारास बाल्बोआच्या रांदेव्हू नृत्यगृहांत तो वाजवूं लागला. गांवच्या अधिकाऱ्यांनीं अट घातली, मुलांनीं गळ्यास टाय बांधलाच पाहिजे. तेव्हां हीं समुद्रावरचीं मुलें अनवाणी पायांनीं, पण टाय लावून नाचावयास येत! अधिकारी कोठलेहि असोत, त्यांचें समाधान अशाच गोष्टींनीं होतें.

डेल सांगत असे कीं, एका मुलानें त्यास विचारलें, “एकाच तारेवर गाणें वाजवून दाखवाल काय?” त्यास काकांचें ‘मिसिर्लू’ आठवलें. परंतु तें संथ. म्हणून त्यानें त्याची गति भयंकर वाढविली. सतारीवर ‘दिर दिर’ असा जो दुहेरी आघात करतात, तसा नखीचा अखंड वर्षाव त्यानें जाड तारेवर चालविला. त्यांत हा गृहस्थ डावखुरा, आणि गिटारच्या तारा उजव्या हाताच्या माणसाकरितां लावलेल्या. सारें वादन उलटें! आवाज इतका मोठा कीं, लिओ फेंडर या प्रसिद्ध कारागिरानें दिलेलीं ध्वनिवर्धकें एकामागून एक निकामी झालीं. अखेर शंभर वॅट शक्तीचें यंत्र व पंधरा इंची कर्णा तयार करावा लागला. मोठ्या आवाजाच्या वादनास पुढें जीं यंत्रें लागलीं, त्यांचें एक मूळ येथें आहे.

‘मिसिर्लू’ची तबकडी १९६२ मध्यें निघाली. दुसऱ्याच वर्षीं बीच बॉइज या मंडळींनीं ती चाल उचलली. १९६४ मध्यें बीटल्स अमेरिकेंत आले आणि लाटांच्या या संगीताची लाट ओसरली; नृत्यगृहहि १९६६ मध्यें जळालें. पुढें १९९४ मध्यें ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या आरंभीं ही गत वाजली, आणि जगभर डेलचें नांव पुन्हां निघालें.

नांव निघालें, पण पैशाचें काय? अमेरिकेंत नभोवाणीवर तबकडी लागली कीं मोबदला रचनाकारास मिळतो, वाजविणाऱ्यास नाहीं. आणि रचनाकार कोण, तर रुबानिस! डेलला कर्करोगानें गांठलें होतें, मधुमेह होता, मूत्रपिंडें खालावलेलीं होतीं. औषधपाण्याचा खर्च भागविण्यासाठीं आपणांस गांवोगांव वाजवीत फिरावें लागतें, असें त्यानें पंचाहत्तरी उलटल्यावर उघड सांगितलें. १९१९ च्या नव्हे, २०१९ च्या मार्च महिन्यांत, एक्याऐंशीव्या वर्षीं तो वारला, तोंवर त्याचे जलसे चालूच होते. लोकांच्या गाण्यावर एकानें नांव घालावें आणि त्यांत प्राण ओतणाऱ्यानें म्हातारपणीं औषधासाठीं वणवण करावी, हा न्याय आम्हांस कांहीं पटत नाहीं. चाल डेलचीहि नव्हती, हें मात्र पुतण्यास कबूल करावें लागलें.

त्यानें मग जुनी, संथ ग्रीक तबकडी शोधून लावली. आत्याबाईंनीं डोळे मिटून ती पुरी ऐकली आणि फुलांची परडी उचलली. “बाळ, ही रोज लाव,” त्या म्हणाल्या. “ती दुसरी मात्र माझी पूजा झाल्यावर.”