कृमीचा ‘उपद्रवी’ कसा झाला?



पावसाळा तोंडावर आला की पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत ‘व्हर्मिन’ हा इंग्रजी शब्द भेटतो. वन्यजीवांच्या कायद्यातही तोच आहे. मराठी वर्तमानपत्रं त्याचं भाषांतर ‘उपद्रवी प्राणी’ असं करतात. एकदा हे नाव चिकटलं की त्या जीवाला मारण्याआधी फारसं कुणी विचारत नाही. म्हणून या शब्दाची जन्मकथा आपण बायकांनी माहीत करून घ्यावी, असं मला वाटतं.

लॅटिन भाषेत ‘व्हर्मिस’ म्हणजे अळी, कृमी. एवढाच अर्थ. त्यात राग नाही की आरोप नाही. गांडूळखताला वर्मिकंपोस्ट म्हणतात ते यावरूनच. इटलीतल्या लोकांनी बारीक शेवयांना ‘व्हर्मिचेल्ली’ म्हटलं, म्हणजे चक्क ‘छोट्या अळ्या’! (खीर करताना हे आठवू नका.) पूर्वी युरोपात लाल रंग एका किड्यापासून काढत, म्हणून लाल रंगाला ‘व्हर्मिलियन’ हे नाव पडलं. आपल्या साड्यांचा किरमिजी रंगही त्याच वाटेचा. हा शब्द फारसी-अरबीतून आला, ‘किर्मिझ’ हा रंग देणारा किडा, आणि अभ्यासक त्याचं नातं आपल्या ‘कृमी’शी जोडतात. जाता जाता सांगते, खाऊच्या पाकिटावर कार्माइन किंवा १२० क्रमांकाचा रंग लिहिलेला दिसला तर ते पाकीट दुकानातच राहू द्या. तो रंग आजही किड्यांपासूनच तयार होतो.

लॅटिनमधला हा साधा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि बिघडला. अळीचा अर्थ पसरत पसरत कोल्ह्यापर्यंत, पक्ष्यांपर्यंत पोचला. इंग्लंडमध्ये १५६६ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, धान्य वाचवण्याच्या नावाखाली कायदा झाला. त्यात कुठल्या प्राण्याच्या मुंडक्याला किती पैसे द्यायचे याचा दरच ठरला होता आणि ते पैसे चर्चचे कारभारी देत. देवाच्या घरच्या वहीत मारलेल्या जीवांचा खर्च! मी कॉमर्सची, वह्या खूप पाहिल्या, पण अशी खतावणी ऐकून अंगावर काटा आला. त्या यादीत खंड्या होता. तो तर मासे खातो, धान्याला तोंडही लावत नाही. काटेरी अंगाचा हेजहॉग होता, कारण तो रात्री गाईंचं दूध पितो अशी लोकांची समजूत होती. आज ब्रिटनमध्ये तोच हेजहॉग संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती. कावळा, उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं तिच्यात होती. हीच वटवाघळं मोहाच्या बिया रानोमाळ पसरवतात, हे त्या यादीला ठाऊक नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. पण केंद्र सरकारला एखादा प्राणी ठरावीक भागासाठी आणि मुदतीसाठी ‘व्हर्मिन’ जाहीर करता येतो. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, हिमाचलमध्ये माकड असे जाहीर झाले होते.

जर्मन भाषेत याच अर्थाचा शब्द आहे ‘उंगेत्सीफर’. त्याचा मूळ अर्थ ‘बळी द्यायला अपात्र असा प्राणी’. म्हणजे आधी बळीसाठी नाकारला आणि मग नुसताच मारण्याजोगा ठरवला. पुढे त्याच देशात नाझींनी ज्यूंना उंदीर आणि कीड म्हणायला सुरुवात केली. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना ‘झुरळं’ म्हटलं गेलं. दोन्हीकडे लाखो माणसं मारली गेली. आधी जिभेने मारलं, मग हाताने.

आता आपल्याकडे पाहा. तत्त्वार्थसूत्रात कृमी आहे, पण कसा? कृमी, मुंगी, भुंगा, माणूस अशी वाढत्या इंद्रियांची ओळ आहे. कृमीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. तिथे कृमी आपल्याच रांगेत आधी उभा आहे. आणि प्रतिक्रमणात आपण काय म्हणतो? जाता-येता एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत ज्या जीवांना आपल्याकडून त्रास झाला, त्यांची क्षमा मागतो. तिथे उपद्रव देणारे आपण असतो. आपला हिशेब बरोबर उलट्या बाजूने मांडलेला आहे.

कुणी म्हणेल, रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरून टाकला त्या शेतकऱ्याला हे सांगून बघा. खरं आहे. त्याचं नुकसान खरं, त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, कुंपणाला मदत मिळाली पाहिजे. पण ‘उपद्रवी’ म्हटलं की बंदूक हाच उपाय सुचतो. ‘रान तुटलं, म्हणून डुक्कर शेतात आलं’ असं म्हटलं की दुसरे उपायही दिसायला लागतात.

घरात तर हे आपल्याच हातात आहे. गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवला तर फवारणीची वेळ बहुधा येत नाही. थोडं थोडंच धान्य भरा. ओट्यावर रात्री खरकटं ठेवू नका, मोरीची जाळी नीट बसवा. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच पाण्याकडे परत सोडायची आपली रीत आहे. त्यामागचा विचार हाच, की ज्याचं घर जिथे, त्याला तिथे जाऊ द्यावं.

आणि नातवंडांसमोर ‘शी, कीड आहे, मार!’ म्हणू नका. नाव घेऊन सांगा: ही मुंगी, हा सोंड्या, ही पाल. मुलं नाव शिकली की निरखून बघतात, आणि निरखून बघणारं मूल सहसा चप्पल उचलत नाही.