घाम दोघांचा, सातबारा एकाचा



कापूस वेचते ती. ज्वारी निंदते ती. सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचे! सरकारकडे घामाचे दाम मागणारे आपण, घरातल्या घामाचा हिशोब कधी करणार?

आम्ही शेतकी शिकलो. बियाणे, खत, मशागत, सगळे पुस्तकात होते. निंदणारी बाई नव्हती.

नाव नसले की पीककर्ज तिला नाही. नवरा गेला की वारसाचा फेरफार भाऊबंद अडवतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला दिलेला हक्क कागदावरच राहतो. जमीन विकली जाते तेव्हाही तिला कोणी विचारत नाही. ठाण्याचे बाळकुम पाहा. भातशेतीचे गाव शहराने गिळले, टॉवर उभे राहिले. अशा व्यवहारात सही मागतात ती सातबारावाल्याची. लावणी करणारीची नाही.

१९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बाया मोठ्या संख्येने जमल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. मग १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले : नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे.

कोणी म्हणतो, "ती जमीन घेऊन माहेरी जाईल." जमीन काय गाठोड्यात बांधता येते?

तेव्हा भावांनो, जिल्हा बैठकीला येताना सातबाऱ्याचा उतारा आणा, आणि घरधनिणीलाही आणा. अर्ज आम्ही तिथेच भरून घेऊ. आधी अर्ज, मग भाषणे!